कुष्ठरोगातील दाह

वरोड्याजवळच्या आनंदवनाचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्यापूर्वी १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे हेच कार्य आरंभिले होते. अशा सेवाव्रतींमुळे रोग्यांविषयीची घृणा ओसरू लागली. परंतु रोग्याचे हात बधिर का होतात, बोटे का वाकतात, याविषयीचे अज्ञान अद्याप पुष्कळ आहे.

या रोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू अतिशय मंदगतीने वाढतो. रोग्याची मोठी हानी होते ती पुष्कळदा त्याच्याविरुद्ध शरीरात पेटलेल्या दाहामुळे. शत्रूची चाहूल लागताच रक्षक पेशी काही प्रथिने सोडतात. ही प्रथिने म्हणजे जणू गावात दवंडी पिटणारे निरोपेच होत. ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे त्यांतील एक प्रमुख. त्यांच्या हाकेसरशी आणखी पेशी धावून येतात, सूज चढते, ताप भरतो. मज्जातंतू आवरणात बद्ध असल्याने सूज आली की आतल्या आत दाबला जातो. संवेदना जाते, स्नायू दुबळे होतात.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, औषधाने जंतू मेले तरी त्यांचे अवशेष शरीरात राहतात आणि दाह पुन्हा उसळू शकतो. अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. रोग्याला वाटते, औषधच बाधले. शेजाऱ्यांना वाटते, रोग उलटला. वस्तुतः हा दाह संसर्गजन्य नव्हे, आणि त्यापायी जंतुनाशक औषध सोडणे घातक होय.

थॅलिडोमाइड हे औषध अर्भकांत व्यंगे निर्माण करते म्हणून १९६१ साली बाजारातून काढले गेले. पुढे १९६४ साली जेरुसलेम येथे शेस्किन यांनी ते एका कुष्ठरोग्यास केवळ झोपेसाठी दिले, तो गाठीच विरल्या! ते वरील प्रथिनाची निर्मिती रोखते, हे १९९१ साली उमगले. गर्भास असलेला धोका ध्यानी घेऊन आजही ते अत्यंत जपूनच वापरावे लागते. मज्जातंतूंच्या दाहावर मुख्य भिस्त प्रेडनिसोलोनवर असते.

मात्र येथे वेळेला फार मोल आहे. बधिरता नवी, सहा महिन्यांच्या आतली असेल, तर हात वाचण्याची आशा असते. मज्जातंतू एकदा पुरता नष्ट झाला, की औषध त्यास परत आणू शकत नाही. म्हणून हातापायांस नवी बधिरता वा दुबळेपणा जाणवताच लाज न धरता दवाखाना गाठणे, हेच खरे शहाणपण होय.