पगारापूर्वीचे कर्ज आणि खात्यातून होणारी परस्पर वसुली

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत पैसा बारमाही एकसारखा येत नाही, हे येथील व्यापाऱ्यास नव्याने सांगावयास नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही चालू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले आणि त्यांस उधारीवर माल देणारे डिचोली-साखळीचे दुकानदार यांच्या वह्या एकदमच थकल्या. २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले, तरी मोडलेली घडी बसावयास वेळ लागतो. पेडण्याकडे मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. तथापि मोरजी, मांद्रे, हरमल येथील किनाऱ्यावरचा धंदा अद्याप हंगामाचाच आहे. पावसाळ्याचे चार महिने मिळकत आटते आणि ती आटलेली असतानाच चवथ दाराशी येऊन उभी राहते. माटोळीपासून पोरांच्या कपड्यांपर्यंत कोणताच खर्च पुढे ढकलता येत नाही.

पूर्वी अशा वेळी माणूस मालकाकडे उचल मागे, किंवा दुकानदारास ‘चवथ होऊ द्या, मग बघू’ असे सांगे. आता तो मोबाइल उघडतो. आधारकार्ड, पॅनकार्ड व स्वतःचे छायाचित्र दिले की काही मिनिटांत खात्यावर पैसे जमा होतात. परदेशांत या प्रकारास ‘पेडे लोन’ म्हणतात, म्हणजे पुढील पगाराच्या दिवशी फेडावयाचे कर्ज. यात किती व्याज पडते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. कर्ज ५,००० रुपयांचे. त्यातून ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून १,००० रुपये आधीच कापले. हाती आले ४,०००. आणि पंधरा दिवसांनी भरावयाचे ५,०००. चार हजारांवर पंधरा दिवसांत एक हजार, म्हणजे सरळव्याजाने वर्षाकाठी ६०० टक्क्यांच्या वर. वहीवर बसून हिशेब करणाऱ्या माणसास हे क्षणात दिसते. मोबाइलच्या पडद्यावर ते दिसत नाही.

तथापि व्याजाचा विषय आज आमच्यापुढे नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते वसुलीच्या साधनाविषयी. कर्ज घेताना ऋणको एका ठिकाणी बोट लावून आपल्या बँकेस कायमचा हुकूम देऊन टाकतो की, अमुक तारखेस अमुक संस्थेने मागितलेली रक्कम माझ्या खात्यातून देत जावी. पगार सकाळी जमा होतो आणि दुपारपर्यंत नाहीसा होतो. तांदूळ, औषध, घरभाडे यांचा क्रम त्यानंतर लागतो. पुष्कळदा लागतच नाही.

हा हुकूम म्हणजे काय, हे हुंडी जाणणाऱ्या समाजास समजावणे अवघड नाही. हुंडी म्हणजे पेढीवर लिहिलेली आज्ञा. धनादेश हीही आज्ञाच. पूर्वी कर्ज देणारे पुढच्या तारखांचे सह्या केलेले धनादेश ठेवून घेत. त्यांची जागा प्रथम ‘ईसीएस’ने आणि नंतर राष्ट्रीय देयक महामंडळाच्या ‘नाच’ या व्यवस्थेने घेतली. जुलै २०२० पासून यूपीआयवरील ‘ऑटोपे’ आले. डेबिट कार्डावर घेतलेली कायम परवानगी हा तिसरा प्रकार. रूपे तीन असली तरी वस्तू एकच आहे: खातेदाराने बँकेस आगाऊ दिलेली आज्ञा. आणि आज्ञा ज्याने दिली त्यास ती मागे घेता येते, हा या साऱ्या विषयाचा कणा होय. ईसीएसच्या काळातच रिझर्व्ह बँकेने असे घालून दिले होते की, खातेदाराने परवानगी मागे घेतल्यास बँकेने ती सूचना धनादेश थांबविण्याच्या सूचनेप्रमाणे मानावी आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्या संस्थेकडे विचारणा करू नये.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. मालकाने नोकराच्या वेतनातून किती कापावे यास कायद्याने मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. दिवाणी न्यायालयाने सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी पगार जप्त केला तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग यांस हात लावता येत नाही. म्हणजे रीतसर दावा जिंकलेल्या सावकारासही जवळजवळ एक-तृतीयांशावर समाधान मानावे लागते. मोबाइलवर घेतलेल्या परवानगीस मात्र असा कोणताच बांध नाही. न दावा, न हुकूमनामा; आणि खात्यात असेल तेवढे सारे. त्यात परवानगीच्या मजकुरात हप्त्याची रक्कम न लिहिता ‘कमाल रक्कम’ लिहिलेली असू शकते, आणि ती हप्त्याच्या कितीतरी पट असते. हप्ता दोन हजारांचा व परवानगी वीस हजारांची, असे आढळल्यास नवल मानू नये. सही करण्यापूर्वी वाचावयाचा आकडा कोणता असेल, तर तो हाच.

परदेशांत या दुखण्यावर काही उपाय झाले आहेत. ब्रिटनमध्ये जुलै २०१४ पासून अल्पमुदतीच्या कर्जदात्यांस अशा परवानगीवर दोनदा वसुली फसल्यावर पुन्हा प्रयत्न करण्यास बंदी झाली, आणि जानेवारी २०१५ पासून व्याज व शुल्क मिळून मुद्दलापेक्षा अधिक घेता येणार नाही असे ठरले. आपल्याकडे यूपीआय ऑटोपेवर एक प्रयत्न व तीन पुनःप्रयत्न अशी मर्यादा ऑगस्ट २०२५ पासून घातली गेली. पण तिचा हेतू यंत्रणेवरील भार हलका करण्याचा होता, ऋणकोचा नव्हे. फसलेल्या प्रयत्नाबद्दल बँक काही शे रुपये आकारते, सावकार वेगळा दंड लावतो, आणि ज्याच्या खात्यात मुळातच पैसे नव्हते त्याच्याच माथी दोन्ही बसतात.

आता माघार कशी घ्यावी ते पाहू. प्रथम आपली परवानगी तिन्हींपैकी कोणत्या रूपात आहे ते शोधावे. ऑटोपे असल्यास ज्या यूपीआय ॲपमधून ती दिली तेथेच ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या सदरात ती दिसते आणि आपला गुप्त पिन घालून रद्द करता येते. कार्डावरची असल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे तिची नोंद असते. या दोन्ही प्रकारांत रक्कम जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावयास हवी. ती सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नये. ‘नाच’ची परवानगी असल्यास काम थोडे कष्टाचे असते. अशा प्रत्येक परवानगीस वीस अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यास ‘यूएमआरएन’ म्हणतात. तो नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत मिळतो. तो क्रमांक, संस्थेचे नाव व खाते क्रमांक लिहून, ही परवानगी आपण मागे घेत आहोत असा लेखी अर्ज शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. शिक्क्याची प्रत नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे. हप्त्याच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. मागणीची यादी आधीच निघालेली असते. निदान आठवडाभर हाती ठेवावा.

शाखेत बहुधा उत्तर मिळते की, ‘हे कंपनीकडूनच रद्द करून आणा.’ या उत्तराने पुष्कळ माणसे परत फिरतात. त्यांनी परत फिरू नये. अर्ज लेखीच द्यावा, नाकारल्यास नकारही लेखी मागावा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था एकत्र झाली असून १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते. वकील लागत नाही, पणजीस खेपा घालाव्या लागत नाहीत.

एक अपवाद येथे ध्यानी ठेवला पाहिजे. ज्या बँकेत खाते आहे तिचेच कर्ज असेल, तर परवानगी मागे घेऊन फारसे साधत नाही. आपल्याच खातेदाराची ठेव येण्यापोटी वळती करून घेण्याचा हक्क बँकेस निराळा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती न सांगता वरील माहिती देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. हुकूम मागे घेतला म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही. देणे जागच्या जागी राहते, व्याज चालू राहते, आणि पतनोंदीत थकबाकी चढते. उद्या दुकानासाठी वा दुचाकीसाठी बँकेचे कर्ज मागावयास गेल्यावर ती नोंद पुढे येते. शिवाय खाते रिकामे ठेवून हप्ता परत जाऊ देणे हा तर मुळीच मार्ग नव्हे. धनादेश न वटल्यास जसे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागते, तसे खात्यात पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेल्यास २००७ च्या देयक व्यवस्थाविषयक कायद्याचे कलम २५ लागू शकते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परवानगी रीतसर मागे घेणे ही बाब याहून निराळी असली तरी तीही सर्वथा निर्धोक समजू नये. देयक थांबविण्याची सूचना दिली एवढ्यानेच कलम १३८ टळत नाही, असे धनादेशाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले आहे.

यास्तव दोन पत्रे एकाच दिवशी निघाली पाहिजेत. एक बँकेस, परवानगी मागे घेतल्याचे. दुसरे कर्जदात्यास, की परवानगी मागे घेतली आहे, देणे नाकारलेले नाही, हिशेबाचा उतारा पाठवावा, आणि दरमहा अमुक रक्कम अमुक तारखेस आम्ही स्वतः भरू. त्या पत्रातील रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती खरोखर भरली जावी. घरखर्च प्रथम व हप्ता नंतर हा क्रम पुन्हा स्वतःच्या हाती घेणे, एवढाच या माघारीचा उपयोग. देणे बुडविण्यासाठी तिचा वापर करणाऱ्यास आम्ही ही माहिती देत नाही.

पत्र कोणास लिहावयाचे, हा प्रश्न कधी कधी अवघड असतो. कारण ॲपचे नाव एक आणि पैसे देणारी संस्था दुसरीच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घातलेल्या व मे २०२५ मध्ये एकत्र बांधलेल्या नियमांनी कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात यावी, परतफेड थेट मूळ संस्थेच्या खात्यात जावी, वार्षिक दर व सर्व शुल्क दाखविणारे माहितीपत्रक आधी द्यावे, आणि मोबाइलमधील लोकांच्या क्रमांकांस हात लावू नये, असे ठरविले. त्या माहितीपत्रकावर संस्थेचे नाव असते. जुलै २०२५ पासून अशा ॲपची यादीही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसेल आणि माहितीपत्रकच दिले नसेल, तर तो पत्रव्यवहाराचा विषय राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटास २०२१ च्या आरंभी पाहिलेल्या सुमारे १,१०० ॲपपैकी ६०० बेकायदेशीर आढळली होती. तेथे नातलगांना फोन करून बदनामीची धमकी येते. १९३० वर व जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, आणि लाजेपोटी दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढून पहिल्याचे तोंड बंद करू नये. अधिकृत संस्थेच्या वसुलीदारासही सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातच्या नंतर फोन करण्याची मुभा नाही.

आमच्या व्यापारी बंधूंचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. दुकानातील माणूस, गाडीवरचा चालक, तुये वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत दोडामार्गाहून येणारा कामगार, यांचा पगार आपणच बँकेत भरतो. दोन तारखेस तो पुन्हा उचल मागू लागला, तर त्यास उधळ्या ठरविण्याआधी एकदा त्याच्या खात्याचा उतारा त्याच्यासमवेत पाहावा. एकेका खात्यावर तीन-चार परवानग्या चालू असतात, आणि त्यांपैकी एखादी फिटलेल्या कर्जाचीही असते. मालकाने लिहून दिलेला अर्ज व शाखेपर्यंत सोबत यांचा उपयोग उचलीपेक्षा अधिक होतो. उचल द्यावयाचीच तर चवथीपूर्वी द्यावी, बिनव्याजी द्यावी, आणि तीन-चार पगारांत थोडी थोडी वळती करावी. त्याचे एटीएम कार्ड आपल्या गल्ल्यात ठेवून घेण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सोडावी.

दुकानाच्या चालू खात्यावर स्वतः व्यापाऱ्याने घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जासही हेच सारे लागू आहे. तेथे वसुली महिन्याची नसून रोजची असते, आणि परवानगीची तारीख तपासण्यास सवड मिळत नाही. कर्ज फिटल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा, त्याच दिवशी परवानगी रद्द झाली की नाही हे शाखेत विचारावे, आणि पुढील दोन महिने उतारा पाहावा.