चिमणीचा पाइप बदलताना

म्हैसूरच्या घरात हवा वाहून नेणारा डक्ट बहुधा एकच असतो : स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक चिमणीचा पाइप. अमेरिकेतल्या घरांत पत्र्याचे डक्ट माळ्यावरून आणि तळघरातून खोलीखोलीत फिरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरच्या, भर एप्रिलमध्येही साधारण पस्तीस अंशांच्या आसपास राहणाऱ्या या शहराला त्यांची गरज पडली नाही. जुन्या ‘तोट्टी मने’ घरांत मधला उघडा चौकच ते काम करी. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि तिच्या जागी खालून गार हवा येई. प्लेगच्या साथीनंतर, १९०३ मध्ये, म्हैसुरात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झाले, तेव्हाही नव्या वस्त्यांच्या आखणीत हवा आणि उजेड हे आरोग्याचे प्रश्न मानले गेले. पुढे चौकांवर स्लॅब पडले, घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली, आणि फोडणीच्या धुराची वाट सहा इंची पाइपात येऊन अडकली.

हा पाइप बदलणे घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. मात्र कामाआधी हवेचे गणित समजून घ्यायला हवे. चिमणीच्या खोक्यावर ‘ताशी १२०० घनमीटर’ असा आकडा छापलेला असतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून एवढी हवा जायची तर तिचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या घरात हवा. झाडांच्या डहाळ्या मोडतात तो हा वारा. घरातल्या पाइपात तो क्वचितच भेटतो. हवा पाइपाला घासते, वळणावर भोवरे करते, आणि मोटरीची ताकद त्यातच खर्ची पडते. तेवढीच हवा जाऊ द्यायची तर दाबातली ही घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. सहा इंचांऐवजी पाच इंची पाइप लावला की ती अडीच पट होते, चार इंची लावला की साडेसात पटींच्याही पुढे जाते. म्हणून ‘घरात होता म्हणून’ रिड्यूसर लावून जोडलेला बारीक पाइप हा महागड्या मोटरीचा सर्वांत स्वस्त शत्रू. पाइपाचा व्यास चिमणीच्या तोंडाइतकाच हवा, कमी कधीच नको.

बाजारात मिळणारा ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप पूर्ण ताणून बसवला तरच कामाचा. अर्धवट मिटलेल्या पाइपाच्या वळ्या हवेला पावलोपावली अडवतात आणि त्या खाचांत तूप-तेल साचते. सरळ भागासाठी पत्र्याचा गुळगुळीत पाइप आणि फक्त शेवटच्या हातभर जोडणीला लवचीक, ही विभागणी चांगली. काटकोनी एल्बो एकटाच काही मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. तिथे पंचेचाळीस अंशांचे दोन तुकडे घ्यावेत. पांढरा पीव्हीसी पाइप दिसायला नीटस असतो, पण साधारण ऐंशी अंशांपाशी मऊ पडू लागतो. शेगडीवर तेल पेटलेच, तर तो आगीला अडवणार नाही.

जुना पाइप काढण्यापूर्वी एमसीबी आणि गॅसचा रेग्युलेटर दोन्ही बंद करावेत. आतला चिकट थर जळाऊ असतो. पाइप उतरवताच दोन्ही तोंडे प्लास्टिकने बांधली तर तो थर ओट्यावर ठिबकत नाही. भिंतीला नवे भोक पाडायचे असेल तर कोअर कटिंगवाल्याला बोलवावे, आणि त्यालाही बीम व लिंटेलपासून दूर ठेवावे. लाकडी तुळयांवर चुन्यात विटा बसवलेले जुने माळवद असेल, तर छताच्या वाटेला जाऊच नये.

पाइपाचे बाहेरचे तोंड कुठे उघडते, याचा विचार म्हैसुरात जास्त करावा लागतो. इथे मे आणि ऑक्टोबर हे जोरदार पावसाचे महिने. मधल्या मोसमी काळात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पर्याय असेल तर पश्चिमेची भिंत टाळावी, पाइपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, आणि तोंडाशी उलट वारा रोखणारी झडप असलेले काउल बसवावे. झडप नसली तर आत पक्ष्यांची घरटी होतात. फ्लॅटच्या बंदिस्त शाफ्टमध्ये धूर सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या भाजीला आपली फोडणी देणे.

जोड हवाबंद करण्याचे काम कापडी ‘डक्ट टेप’ नीट करत नाही, हा या विषयातला विनोद आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने १९९८ मध्ये जोडांवरची वेगवेगळी सीलिंग साहित्ये उष्णतेत तपासली, तेव्हा हीच टेप सर्वांत लवकर हरली. स्टीलचा क्लॅम्प आवळून वर ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावावी. मोटर चिमणीत असते, त्यामुळे पुढच्या पाइपात दाब बाहेरच्या दिशेने असतो. फटीतून धूर फॉल्स सीलिंगमध्ये शिरतो आणि वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही.

उरतो तो सर्वांत दुर्लक्षित भाग. बाहेर गेली तेवढी हवा आत यावीच लागते. दहा बाय आठ फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे साडेबावीस घनमीटर हवा मावते; ताशी सहाशे घनमीटर खेचणारी चिमणी ती सव्वादोन मिनिटांत उपसते. खिडक्या बंद असतील तर ती जिथून मिळेल तिथून ओढते. न्हाणीघरात गॅस गीझर चालू असेल, तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात रंग-वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. अशा घरात दोन्ही उपकरणे एका वेळी चालवू नयेत. चिमणी सुरू असताना खिडकी थोडी उघडी हवी. ती ओट्यापासून दूरची असली तर धुराचा झोत विस्कटत नाही.

काम झाल्यावर तपासणीला उदबत्ती पुरते, आणि ती म्हैसुरात शोधावी लागत नाही. गॅस बंदच ठेवून चिमणी पूर्ण वेगात चालवावी आणि पेटती उदबत्ती प्रत्येक जोडाभोवती फिरवावी. धुराची रेघ बाहेर ढकलली गेली की तिथे फट आहे. मग खिडकीशी धरावी : धूर आत वळला तर हवा मिळते आहे, जागीच घुटमळला तर खिडकी आणखी उघडावी. मोटर पूर्ण जोर लावत असूनही चिमणीच्या तोंडाशी धूर आळसावला, तर आधी फिल्टर धुवावेत, मग बाहेरची झडप अडकली आहे का ते पाहावे, आणि मोटरीवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.