बेटांवरच्या राजधान्या – लेखांक ६ : बास्को, जिथे वेळापत्रक वारा ठरवतो

मागच्या आठवड्यातलं शार्लटटाऊन कॅनडाच्या जन्मकथेत मानाने मिरवतं. या आठवड्याच्या राजधानीच्या वाट्याला तसं काही आलेलं नाही. बास्कोचं नाव फिलिपिन्समधल्या माणसाच्या कानावर पडतं ते बहुतेक वादळाच्या बातमीत. पागासा ही तिथली सरकारी हवामान संस्था एक ते पाच अशा चढत्या क्रमाने वाऱ्याचे इशारे देते. ल्युझोन बेटाच्या उत्तरेकडून तैवानच्या दिशेने वादळ सरकायला लागलं, की इशाऱ्यांच्या यादीत बाटानेस प्रांत असायचाच, आणि बास्को ही त्या प्रांताची राजधानी.

बाटानेस म्हणजे फिलिपिन्सचं उत्तर टोक. दहा बारकी बेटं, त्यातल्या तीनच बेटांवर खरी वस्ती : बाटान, सबतांग आणि इतबायात. बास्कोपासून मनिला सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरवर आणि तैवानचं दक्षिण टोक जेमतेम दोनशेवर. क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येने हा देशातला सगळ्यात लहान प्रांत. २०२० च्या जनगणनेत इथे १८,८३१ माणसं भरली, आणि त्यातली निम्मी एकट्या बास्कोत.

महाराष्ट्रात नगरपंचायतीसाठी साधारणपणे किमान दहा हजारांची वस्ती लागते. नुसत्या लोकसंख्येवर बास्कोला तीही मिळाली नसती. पण इथे गव्हर्नर बसतो, प्रांतिक मंडळ भरतं, रुग्णालय आहे, राज्य महाविद्यालय आहे, विमानतळ आहे, बिशपचं कॅथेड्रलही आहे. शिवाय संसदेच्या कनिष्ठ सभागृहात हक्काचा एक प्रतिनिधी. इतर बहुतेक मतदारसंघांत एका प्रतिनिधीमागे लाखो माणसं असतात. बाटानेसला मात्र, प्रत्येक प्रांताला किमान एक जागा या घटनेतल्या तरतुदीमुळे, एकोणीस हजारांत खासदार मिळतो. एवढ्या जुजबी वस्तीला हा सगळा सरंजाम कसा मिळाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१६८७ साली विल्यम डँपियर हा इंग्रज दर्यावर्दी (सभ्य भाषेत दर्यावर्दी; होता तो चाच्यांच्या जहाजावर) इथे उतरला. त्याच्या लिहिण्यात इथली माणसं कड्यांवर, एकावर एक ओळींनी बांधलेल्या घरांत राहतात आणि वरच्या ओळीत शिड्यांनी चढतात. शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायची. इथल्या मूळच्या इवातान लोकांच्या या कड्यांवरच्या गढ्यांना ‘इजांग’ म्हणतात. ऊस आंबवून केलेली इथली दारू डँपियरच्या खलाशांना इतकी आवडली, की त्यांनी एका बेटाला तिचंच नाव देऊन टाकलं. तैवान आणि बाटानेसच्या मधल्या खाडीला आजही बाशी म्हणतात ते त्यातूनच.

स्पेनने मनिला १५७१ मध्ये घेतली, पण या बेटांवर रीतसर हक्क सांगायला १७८३ साल उजाडलं. गव्हर्नर-जनरल होसे बास्को यांनी मोहीम पाठवली, राजधानीला त्यांचं नाव मिळालं आणि पुढे त्यांना स्पेनच्या राजाकडून ‘बाटानेस बेटांच्या विजयाचे काउंट’ असा किताबही मिळाला. मोठ्या लढाईविना मिळवलेल्या मुलखाचा हा विजय. सव्वीस जून हा दिवस इथे आजही ‘बाटानेस दिन’ म्हणून साजरा होतो.

विजयाची खरी किंमत आठ वर्षांनी कळली. सरकारची माणसं लाकूड आणि धान्य उचलायची आणि मोबदला द्यायचा विसरायची. सबतांगचा पुढारी केनान, लोकांच्या तोंडी आमान दांगात, याने बंड केलं. १७९१ मध्ये त्याला फाशी झाली. सबतांगच्या लोकांना उचलून बाटान बेटावर, नजरेच्या टप्प्यात वसवण्यात आलं आणि आपल्या बेटावर परतायला त्यांना काही दशकं लागली. कड्यांवरच्या माणसांना खाली, चर्चभोवतीच्या आखीव गावात आणायचं, हेच या राजधानीचं पहिलं काम होतं. पुढे अमेरिकी राजवटीत बाटानेस काही वर्षं कागायान प्रांताला जोडलेलं होतं. १९०९ मध्ये ते वेगळं झालं. समुद्रापलीकडच्या जिल्ह्याच्या गावाहून कारभार हाकणं जमण्यातलं नव्हतंच.

इथली चुन्यात बांधलेली दगडी घरं पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ‘प्राचीन’ म्हणून छापतात. त्यात फारसं तथ्य नाही. दगड आणि चुन्याचं बांधकाम स्पॅनिश लोकांबरोबर आलं. इवातान गवंड्यांनी ते आपल्या वाऱ्याला जुळवून घेतलं. ही जुळवणी मात्र पाहण्यासारखी आहे. भिंती हातभर नव्हे, कुठे कुठे मीटरभर जाड. चुना समुद्रातलं प्रवाळ भाजून केलेला. खिडक्या लहान आणि तीनच बाजूंना. ज्या अंगाने वादळाचा मारा जास्त, ती भिंत अखंड. छपराला कोगोन गवताचे थरावर थर. वादळाची वर्दी आली की त्या छपरावर दोराचं जाळं टाकायचं आणि त्याची टोकं खाली पक्की आवळायची. या जाळ्याला ‘पानपेत’ म्हणतात. स्वयंपाकघर वेगळं, कारण गवताच्या छपराखाली चूल नको. छप्पर शाकारायला अख्खी आळी येते, मजुरी कोणी घेत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही त्यांच्याकडे जायचं. आपल्याकडच्या सावडीसारखाच हा हिशेब.

पण वाऱ्यासाठी बांधलेलं घर भूकंपाला तोंड देईलच असं नाही. २७ जुलै २०१९ च्या पहाटे इतबायातला लागोपाठ धक्के बसले आणि नऊ माणसं गेली. वादळात जीव वाचवणाऱ्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. बास्कोवाल्यांना हे दूरचं वाटत नाही. गावाच्या डोक्यावर १,००९ मीटर उंचीचा इराया उभा आहे आणि तो जागृत ज्वालामुखींच्या यादीत आहे. गावाच्या पूर्वेला वालुगानच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोल गुळगुळीत धोंडे. ते इरायाचेच. खुद्द बास्कोत आज सिमेंट आणि पत्राच जास्त दिसतो. दगडी गल्ली बघायची तर होडीने सबतांगला जावं लागतं. जुनी घरं पाडली म्हणून हळहळणारे बहुधा बाहेरचे असतात. तीस वर्षांनी गवत बदलायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतो.

खाण्यातही हीच सावधगिरी. भात इथे फारसा पिकत नाही, तांदूळ जहाजाने येतो. आपलं म्हणावं ते रताळं, कोनफळ, अळू आणि लसूण, म्हणजे जमिनीखाली सुरक्षित राहणारी पिकं. शेतांच्या बांधांवर वारा अडवायला दाट कुंपणं लावलेली. अळूचे देठ वाळवून ठेवतात, त्याला ‘वुनेस’. डुकराचं मांस मिठात शिजवून त्याच्याच चरबीत बुडवून महिनोन् महिने टिकवतात, त्याला ‘लुनिस’. केळीचा कंद किसून गोळे करतात, ते ‘उवेद’. सणासुदीला हळद घातलेला पिवळा भात होतो आणि नीरफणसाच्या जातीच्या झाडाच्या रुंद पानावर वाढला जातो. आठवडाभर जहाज आलं नाही तरी चूल पेटती राहील, असा हा स्वयंपाक आहे. शेतात जाणाऱ्या बायका डोक्यावर ‘वाकुल’ घालतात : वोयावोय नावाच्या शिंदीच्या पानांचे तंतू काढून केलेलं, पाठीवर लोंबणारं जाडजूड शिरस्त्राण. ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. दुरून मात्र बाईने केस मोकळे सोडलेत असंच वाटतं.

या गावची सगळ्यांत प्रसिद्ध लेक म्हणजे चित्रकार पासिता आबाद. जन्म १९४६, राजकारणी घराण्यातला. आई-वडील दोघेही बाटानेसचे खासदार. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरुद्धच्या आंदोलनात पडल्यावर १९७० मध्ये पासिता यांना देश सोडावा लागला. पुढे कॅनव्हासला गोधडीसारखं टाचून, फुगवून, वर आरसे, कवड्या, बटणं शिवलेली त्यांची चित्रं जगभर गेली. २००४ मध्ये सिंगापूरचा एक अख्खा पूल रंगवून झाल्यावर त्याच वर्षी त्या गेल्या आणि त्यांना बाटानेसमध्येच पुरलं.

आता बास्को पुन्हा मोठ्यांच्या नकाशांवर आलं आहे, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. ८ डिसेंबर १९४१ रोजी फिलिपिन्सवर जपानी सैन्याचं पहिलं पाऊल पडलं ते इथेच, कारण त्यांना बास्कोची धावपट्टी हवी होती. दोन दिवसांत ल्युझोनवरचे हवाई हल्ले अपेक्षेपेक्षा जास्त यशस्वी झाले आणि धावपट्टीची गरज संपली. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये, बालिकातान या संयुक्त सरावासाठी, अमेरिकी मरीन सैनिकांनी जहाजभेदी क्षेपणास्त्रांची गाडी बाटान बेटावर आणून ठेवली. बाशीच्या खाडीतून ये-जा करणाऱ्या चिनी युद्धनौका त्याआधीपासूनच चर्चेत होत्या.

बास्कोची स्वतःची मागणी यापेक्षा बरीच साधी आहे. २०२३ मध्ये इथल्या गव्हर्नर मारिलू कायको यांनी अमेरिकेकडे पर्यायी बंदरासाठी मदत मागितल्याची बातमी आली, तेव्हा जगभरच्या विश्लेषकांनी त्यात तैवान पाहिला. कायको यांनी दिलेलं कारण वेगळं होतं : पावसाळ्यात समुद्र खवळला की मनिलाहून आलेला माल आहे त्या धक्क्यावर उतरवता येत नाही.