गॅरेज वहिनींचे, सही कुणाची?

गाडी दुरुस्तीला नेली की काउंटरवरचा माणूस प्रश्न बाईचा ऐकतो आणि उत्तर नवऱ्याकडे बघून देतो. हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच भगिनींना असेल. अमेरिकेत गॅरेज, प्लंबिंग, टोइंग ही कामे अजूनही बहुतांशी पुरुषांच्याच हातात आहेत. पण असा धंदा नुसत्या पान्यांवर चालत नाही. विमा, पगार, उधारी, गिऱ्हाइकाचा विश्वास हे सगळे सांभाळणारे कुणीतरी लागते.

फिलाडेल्फियाजवळच्या अप्पर डार्बीचे उदाहरण पाहा. पॅट्रिस बँक्स या ड्यूपाँट कंपनीत इंजिनिअर होत्या. गाडीतले काही कळत नाही, मेकॅनिक सांगेल ते ऐकावे लागते, याचा त्यांना वैताग आला. कम्युनिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला जाऊन त्या गाडी दुरुस्ती शिकल्या आणि २०१७ साली त्यांनी ‘गर्ल्स ऑटो क्लिनिक’ उघडले. शेजारीच नखे रंगवण्याचे पार्लर! हसू येईल, पण गाडी तयार होईपर्यंत गिऱ्हाइकाने करायचे काय, हा प्रश्न त्यांनी सोडवला. मला स्वतःला त्या रात्रीच्या वर्गाचे कौतुक जास्त वाटते. आम्ही इंजिनिअर मंडळी पदवी मिळाली की हात काळे करायचे विसरतो.

आता पैशाकडे वळू. १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करायला बंदी झाली. तरी धंद्याच्या कर्जासाठी काही राज्यांत बाईला घरातल्या पुरुषाची सही आणावी लागे. ते थांबवले १९८८ च्या कायद्याने. पुढे सरकारी कंत्राटांपैकी ५ टक्के स्त्रियांच्या धंद्यांना मिळावीत असे उद्दिष्टही ठरले. तेव्हापासून पार्टीत एक सल्ला हमखास मिळतो: “वहिनींच्या नावावर करून टाका!”

हा सल्ला घेण्यापूर्वी विचार करा. सर्टिफिकेटसाठी नुसती ५१ टक्के मालकी पुरत नाही. रोजचा कारभार आणि मोठे निर्णय तिच्याच हातात हवेत. लायसन्स नवऱ्याचे आणि भागीदारीही त्याची असेल, तर खरा ताबा त्याचाच आहे असे ठरू शकते. खोटी माहिती देणे हा तर गुन्हाच. शिवाय सरकारी हमीच्या एसबीए कर्जात २० टक्के किंवा जास्त मालकी असणाऱ्याला वैयक्तिक हमी द्यावी लागते. म्हणजे कारभार एकाचा, आणि धंदा बुडाला तर बँक वहिनींच्या दारात.

याची उलट बाजू मला अधिक चिंतेची वाटते, कारण ती दिसत नाही. कितीतरी घरांत फोन, हिशेब, बिले सगळे ती बघते आणि टॅक्स रिटर्नवर धंदा एकट्या नवऱ्याचा. सोशल सिक्युरिटीच्या स्वतःच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट्स लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. बिनपगारी कामाचे एकही मिळत नाही. नवऱ्याच्या खात्यावर तिला त्याच्या पेन्शनच्या फार तर निम्मे मिळते. घटस्फोट झाला तर लग्न किमान १० वर्षे टिकलेले असावे लागते. उद्या ती आजारी पडून कायमची अंथरुणाला खिळली, तर सोशल सिक्युरिटीची अपंगत्वाची विमा-मदत तिच्या स्वतःच्या कामाच्या नोंदीवरच ठरते.

यावर उपाय आहे. धंदा दोघांच्याच मालकीचा असेल, कंपनी किंवा एलएलसी केलेली नसेल, दोघेही खरोखर काम करत असतील आणि रिटर्न एकत्र भरत असाल, तर २००७ पासून दोघांना वेगवेगळे शेड्यूल सी भरता येते. मिळकत वाटली जाते, क्रेडिट्स दोघांना मिळतात, आणि बहुतेक घरांत एकूण कर तेवढाच राहतो. कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या काही राज्यांत नवरा-बायकोच्या एलएलसीलाही वाट आहे, पण ती अकाउंटंटला विचारूनच घ्यावी. कॉर्पोरेशन असेल तर तिला रीतसर पगार द्या, डब्ल्यू-२ सकट.

एच-४ व्हिसावरच्या भगिनींनी मात्र वर्क परमिट हातात येईपर्यंत दुकानातला फोनसुद्धा उचलू नये. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावे.