हंगामातले खेळ : पाहावे कुठं, आणावे कसे



दसरा उलटला की कारखान्याच्या आवारात एकच चौकशी सुरू होते, यंदा मोळी कधी टाकणार? बार्शीटाकळी भागातील सभासद आले म्हणजे चहा घेता घेता आणखी एक विचारणा होते. "भाऊ, यंदा काही पाह्याले हाये का नाही?" म्हणजे नाटक, तमाशा, कीर्तन, काहीतरी. त्या विचारणेचं उत्तर म्हणून हा लेख. तारखांची यादी इथं मुद्दाम दिलेली नाही. छापून झाल्यावर तारीख बदलते आणि माणसं गाडीभाडं खर्चून बंद दार पाहून परत येतात. त्यापेक्षा खेळांचा हंगाम कसा चालतो, कोणता खेळ केव्हा नि कुठं लागतो, गावात आणायचा झाल्यास काय काय करावं लागतं, हे एकदा समजून घेतलेलं बरं.

आपला गाळप हंगाम आणि खेळांचा हंगाम जवळपास एकाच वेळी सुरू होतो. तमाशाचे मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि अक्षय तृतीया किंवा बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतात. पावसाळ्यात तंबू उभा राहत नाही, हे एक कारण. दुसरं असं की सोयाबीन निघाल्याशिवाय, कापसाचा पहिला वेचा विकल्याशिवाय शेतकऱ्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नसतात. ऊसतोडणीच्या टोळ्यांना आपण जशी उचल देतो, तशीच फडमालकाला हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. त्यासाठी तो बहुतेक वेळा कर्ज काढतो आणि ते तिकिटाच्या खिडकीवर फेडायचं असतं. २०२० आणि २०२१ साली करोनामुळं हंगाम बुडाले, पण डोक्यावरचं कर्ज काही बुडालं नाही. ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांना हे जास्त सांगायला नको.

फडाचा खेळ गावात दोन तऱ्हांनी येतो. एक तंबूचा. त्यात फड स्वतः तंबू ठोकून तिकीट लावतो, नफा-तोटा त्याचा. दुसरा सुपारीचा. गावची यात्रा कमिटी ठरलेली रक्कम देते आणि खेळ सगळ्यांना फुकट. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथं येऊन चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरवतात. आपल्यापासून नारायणगाव लांब पडतं. जाण्यायेण्याचा खर्च धरला तर एका रात्रीची सुपारी एकट्या गावाला जड जाते, शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून लागोपाठ रात्री घेतल्या तर जमू शकतं.

आता नाटकाकडं वळू. आपल्या गावातून अकोला वीसेक किलोमीटर. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. दिवाळीनंतर तिची प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर होते. आपल्या भागाला अकोला नाहीतर अमरावतीचं केंद्र जवळचं. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृहात असे प्रयोग झालेले आहेत. पहिल्या येणाऱ्या संघाला अंतिम फेरीत जाता येतं. दररोज एक नवं नाटक असतं. तिकीट इतकं नाममात्र की बसभाडं त्याहून जास्त पडतं. नाटक करणारे आपल्यातलेच, म्हणजे शिक्षक, बँकेतले कारकून, कॉलेजची पोरं-पोरी, कुणी एस. टी. तला वाहक. नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात आणि नेपथ्याचा खर्च बहुधा पदरचा घालतात.

अशाच एका प्रयोगाला आम्ही गेलो होतो. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि मागं वळून पाहिलं तर पुढच्या रांगेतले परीक्षक सोडून मोजकीच डोकी. रंगमंचावरची माणसं जास्त भरतील की खुर्चीतली, अशी शंका यावी. नाटक वाईट नव्हतं, शेतीच्या वाटणीवरून दोन भावांत पडलेल्या फुटीचं होतं, आणि तो विषय आपल्या तालुक्यातल्या निम्म्या घरांत चालू आहे. मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्यातला थोरला भाऊ झालेला नट भेटला. तोंडाला रंग तसाच. म्हणाला, "दोन महिने घासलं भाऊ. पाह्यलं कोणी? परीक्षकानं." त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. जाहिरात आमच्यापर्यंत पोचली नव्हती, हे खरं. पण आम्हीही कधी विचारायला गेलो नव्हतो.

याच्या उलट चित्र पाहायचं असेल तर आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला जावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. वडसा हे त्या नाट्यमंडळ्यांचं ठाणं. गावातलं मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवतं, स्वतः मांडव घालतं, तिकीट विकतं आणि कलावंतांचे पैसे चुकते करतं. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या होत्या (डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या), तरी नाटक थांबलं नाही. नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टीसुद्धा तिथंच निघतात. त्या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथला शेतकरी आपल्याहून पैसेवाला आहे असं नाही. धानाचाच शेतकरी तो. फरक एवढाच दिसतो की नाटक आणणं हे तिथं गावाचं काम समजतात. आपल्याकडं ते 'कोणीतरी' करायचं काम असतं.

मग बार्शीटाकळीत खेळ आणायचा तर काय लागतं? आधी मोकळ्या मैदानाचा नियम लक्षात घ्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. रात्रभर वग रंगवून पहाटे घरी जाण्याची जुनी रीत त्यामुळं मागं पडली. म्हणून सुपारी ठरवताना खेळ संध्याकाळी सातला सुरू होईल हे कागदावर लिहून घ्यावं. आपल्याकडं सात म्हणजे दूध काढायची, गुरांना वैरण टाकायची वेळ. लोक आठ-साडेआठला येतात, गण-गवळण होईस्तोवर नऊ वाजतात, नि वगाला रंग चढतो तेव्हा पोलीस येऊन उभा राहतो. दोष कोणाला द्यायचा? त्या एका दिवसापुरती धार तासभर आधी काढावी, दुसरा उपाय नाही.

पोलिसांकडं लेखी अर्ज आधीच द्यावा. नाटक असेल तर त्याच्या संहितेला शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारावं.

पैसे कमी असतील तर एकपात्री प्रयोग स्वस्तात पडतो. एक माणूस, एक सतरंजी, एक ध्वनिक्षेपक. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' यात ते एकटे बावन्न पात्रं उभी करत. २००९ साली ते गेले. नावातल्या वऱ्हाडावरून आपल्याकडं पुष्कळांची फसगत होते. ते वऱ्हाड लग्नाचं आहे नि बोली मराठवाड्याची. आपल्या भागातलेच म्हणायचे तर सिरसोलीचे सत्यपाल महाराज आहेत. सात खंजिऱ्यांवरचं त्यांचं कीर्तन हाही एकपात्री खेळच म्हणा. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते, तेव्हा कीर्तनाला निमित्तही शोधावं लागत नाही.

गावातल्या पोरांनी स्वतः नाटक बसवायचं म्हटलं तर लेखकाची परवानगी आणि मानधन हा प्रश्न येतो, तो टाळू नये. कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांसाठी २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागणारच. राम गणेश गडकरी १९१९ साली आपल्या विदर्भातच सावनेरला वारले. त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली आहेत. तसेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ज्यांना गडकरी गुरू मानत. कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव-जामोद इथं वकिली केली आणि ती करता करता 'मूकनायक'सारखी नाटकं लिहिली. १९३४ साली ते गेले. त्यांची भाषा आज जड वाटते, पण एखादा प्रवेश निवडून गॅदरिंगला करायला हरकत नाही. अकोल्याच्या वकिलानं लिहिलेलं नाटक बार्शीटाकळीच्या पोरांनी करावं, यात गंमत आहे.

हे सगळं यंदाच झालं पाहिजे असा आग्रह नाही. यंदा निदान स्पर्धेतली दोन नाटकं पाहून यावीत. केंद्राचं वेळापत्रक हाती येताच गट कार्यालयाच्या फळ्यावर लावण्यात येईल. येऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी घरातली किती माणसं येणार ते (बायामाणसं धरून, फक्त गडीमाणसं नव्हे) फळ्याखालच्या वहीत लिहावं. पंधरा जण झाले की एक गाडी ठरवू, भाडं सारखं वाटून घेऊ. गाडी गावातून संध्याकाळी साडेपाचला सुटेल, तेव्हा त्या दिवशीची धार लवकर उरकावी.