अंगणातील भाजी, अंगातील रक्त

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एक तिशीतली बाई दवाखान्यात आली. तक्रार नेहमीचीच. दम लागतो, पाय गळून जातात, खुरपायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२ भरले. बाईमाणसाला ते निदान १२ हवे.

घरी शेती किती, असे विचारले. चार एकर, सगळे सोयाबीन. रोज जेवणात काय? भाकरी, चटणी, कधी पातळ वरण. भाजी आठवडी बाजारानंतर दोन दिवस, पुढे नाही. म्हणजे चार एकरांची मालकीण, आणि मेथीची जुडी विकत आणायची! सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि दुकानाच्या उधारीत जातो. भाजीसाठी हातात उरत नाही.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम फळे-भाजी खावी असे सांगते. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो, महिन्याला साठ किलो! बाजारातून एवढे आणणे मजुराला तर सोडाच, नोकरदारालाही जड जाईल. मग ते पिकवायलाच हवे.

पिकवणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात कामाला लागलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने पुढे गावोगावच्या स्त्रियांना घरच्याच जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायला शिकवले. त्यात काय पेरायचे ते बाईने ठरवायचे. धान्य, कडधान्य, भाजीपाला एकत्र, विकतची खते-औषधे न घालता; आधी घरचे ताट, उरेल ते बाजारात. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले. खरी अडचण पेरणीची नव्हतीच, जमीन मागण्याची होती. 'बाईला काय कळतंय शेतीतलं' हे वाक्य दवाखान्यात बसून मीही ऐकतो. आणि ते म्हणणाऱ्याच्या शेतात निम्म्याहून जास्त काम बाईच करत असते!

बियाण्याचेही तसेच. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्यांचे गावरान बी जपले आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. गावरान बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. हायब्रीडचे तसे होत नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते.

औषध-फवारणीबद्दल एवढेच सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घरच्या भाजीवर तरी तो पंप नको. मावा पडलाच तर निंबोळी अर्क पुरतो.

आता परसबागेचे. सुरुवातीला एक गुंठा पुरे. मेथी महिन्याभरात हाताशी येते, गवार-भेंडी दीड महिन्यात सुरू होते आणि मग दिवसाआड तोडा. कडेला एक शेवगा लावा. त्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीला घालतो, वास्तविक पाल्यातच जीवनसत्त्व 'अ' आणि चुना जास्त. न्हाणीचे पाणी केळीला, अळूला सोडा, पालेभाजीवर नको. शेणखत पूर्ण कुजलेलेच घाला. ताज्या शेणातून रोगजंतू भाजीवर येतात. भाजी धुऊनच चिरा, चिरून धुऊ नका.

पालकाचे कौतुक मात्र जरा बेताने करावे. त्यात लोह असते, पण अंगी फार थोडे लागते. कुठल्याही पालेभाजीवर लिंबू पिळा म्हणजे लोह जास्त मुरते. जेवणावर लगेच चहा नको, तासभर तरी थांबा. चार कोंबड्या पाळल्या तर पोरांना अंडे मिळेल.

तरीही एक गैरसमज नको. ८ वर आलेले रक्त नुसत्या भाजीने १२ होत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोळीने शौचास काळी होते, त्याला घाबरून बायका गोळी सोडतात. सोडू नये. रक्त भरल्यावरही तीन महिने चालू ठेवावी. भाजीचे काम त्यानंतरचे, भरलेले रक्त पुन्हा उतरू न देण्याचे.

त्या बाईला गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला आत बोलावले. विहिरीलगतचे दोन गुंठे मागितले. "सोयाबीनचे चार तास कमी होतील, डॉक्टर," तो म्हणाला. मी म्हटले, होऊ द्या. तो काही बोलला नाही.

दिवाळीनंतर ती तपासायला आली. हिमोग्लोबिन १०.९. गवार घरी खाऊन उरते, बाजारात विकून तेल-मीठ निघते म्हणाली. नवऱ्याने विचारायला सांगितले होते, उन्हाळ्यात विहीर आटली की काय लावायचे? मी सांगितले, तेव्हा नुसता शेवगा जगवा, आणि घडाभर पाण्यावर दोन वेल दुधीचे.