तिजोरीचा हिशेब कोण विचारणार?

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात फर्निचर विकणारा असो, साकीनाक्याच्या गाळ्यात लोखंडी जाळ्या जोडणारा असो किंवा घाटकोपरला कापडाचे छोटे दुकान चालवणारा असो, रात्री गल्ला मोजून रोजमेळ लिहिल्याखेरीज त्याला झोप येत नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी तो वही पुन्हा उघडतो. मात्र हाच माणूस सरकारला आणि महापालिकेला जो कर भरतो, त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याच्या भानगडीत पडत नाही. ‘ते आपले काम नव्हे’ असे म्हणून मोकळा होतो. उपनगरांतून निवडून गेलेल्या दोन लोकप्रतिनिधींनी या बाबतीत दोन निराळ्या वाटा दाखवल्या. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

जाब विचारण्याची वाट

पहिली वाट गोरेगावच्या मृणाल गोरे यांची. उपनगरात नळाचे पाणी यावे म्हणून त्या महापालिकेशी झगडल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच वर्षी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणी घेऊन मोर्चे निघाले. साखर, तेल, रॉकेल बाजारातून गायब होते तेव्हा साठेबाज दोषी असतोच, पण पुरवठा पाहणारे खातेही तितकेच जबाबदार असते, ही त्यांची भूमिका होती. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या.

पुढच्याच वर्षी, १९८६ च्या आरंभी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या मालात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. हा प्रश्न विधानसभेत लावून धरणाऱ्यांत मृणालताई होत्या. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि रुग्णालय, औषध प्रशासन व मंत्री या सर्वांवर ताशेरे ओढले. सरकारी खरेदीत माल कोणाकडून घेतला, तो तपासला कोणी, कागदावर सही कोणाची, हे प्रश्न वेळीच विचारले गेले नाहीत तर माणसे मरतात, हा त्या प्रकरणाचा धडा. व्यापाऱ्यासाठी आणखी एक धडा आहे. जिथे तपासणी ढिली असते, तिथे चोख माल देणारा भावात मागे पडतो आणि भेसळ करणारा ठेका घेऊन जातो. म्हणजे सरकारला जाब विचारणे हे प्रामाणिक धंद्याच्याही फायद्याचे आहे.

स्वतः खर्च सुचवण्याची वाट

दुसरी वाट राम नाईक यांची. १९७८ पासून बोरिवलीचे आमदार आणि १९८९ पासून उत्तर मुंबईचे पाच वेळा खासदार. खासदाराला आपल्या भागातील छोट्या कामांसाठी निधी असावा, ही कल्पना त्यांनी मांडली. २३ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांनी खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये होते. १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी झाले. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, योजना थांबवली गेली व नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या योजनेत खासदार पैसे हातात घेत नाही. तो काम सुचवतो. मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. धार्मिक स्थळाच्या आवारातील बांधकाम किंवा व्यापारी संस्थेचे काम यात बसत नाही. म्हणून तशी मागणी घेऊन खासदाराच्या कचेरीत चकरा मारण्यात अर्थ नाही. वस्तीतील गटार, शौचालय, सरकारी शाळेची खोली अशी कामे मागावीत.

योजनेवर आक्षेपही मोठा आहे. ज्याने सरकारी खर्चावर नजर ठेवायची, तोच खर्च सुचवू लागला तर हिशेब कोण विचारणार? दुकानात मुनीमच खरेदी करू लागला तर वही तपासणार कोण, तसाच हा प्रकार. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने ही योजना बंद करावी असे सुचवले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मे २०१० मध्ये ती घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला.

आपण काय करावे?

आमच्या मते दोन्ही वाटांची गरज आहे, पण पहिली सुटली तर दुसरी धोक्याची. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली. सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नसला की काय होते, ते उपनगरांनी अनुभवले.

अशा वेळी हत्यार आपल्याच हाती आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ठेका कोणाला, किती रकमेचा, देयक कधी दिले, हे विचारता येते. इतकेच नव्हे, कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क या कायद्यात आहे. इथे आपला कारागीर मोठमोठ्या साहेबांना भारी पडेल. पत्रा किती जाडीचा, सिमेंट किती पडले, लाकूड कोणते, हे तो हात लावून सांगतो. गल्लीतील चार दुकानदार आणि दोन कारागीर एकत्र बसले तर नव्या गटाराचा हिशेब एका संध्याकाळी ताडून पाहता येईल.

सरकारी तिजोरीतला पैसा ही आपलीच अमानत आहे. दुकानाची वही रोज उघडणाऱ्याने वर्षातून एकदा तरी ही वहीही उघडायला लावावी.